सुग्रीवची नजर

पूर्णा जंक्शनच्या आसपास दहा-बारा कोसांत ज्या घरी मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर होता, त्यातल्या बहुतेक फोटोंच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'बन्सीधर, पूर्णा' असं लिहिलेलं असायचं. जिवंत माणसांचे फोटो त्यानं फार थोडे काढले. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं लोक धरून चालले होते. माणूस गेला, म्हणजे आयुष्य कमी व्हायची भीतीच उरली नाही, की मग घरच्यांना फोटोची आठवण व्हायची आणि कोणीतरी सायकल दामटत स्टेशनाजवळच्या त्याच्या पत्र्याच्या दुकानापुढं येऊन उभं राहायचं. "मास्तर, चला बिगीबिगी. उचलायच्या आत पोचलं पायजे."

बन्सीधर तिपाई, काळं फडकं आणि लाकडी कॅमेरा सायकलला बांधून निघायचा. मयताला अंगणात खुर्चीवर बसवायचं, पाठीमागून दोरी घालून वरून उपरणं टाकायचं, मान फेट्यानं खुर्चीच्या पाठीला धरायची. रडणाऱ्या बायांना मिनिटभर गप्प करणं हेही त्याच्याच कामात होतं. ते त्याला कधी जमलं नाही, आणि बऱ्याचदा तोच डोळे पुसत पुसत कॅमेऱ्यात काच चढवायचा. फोटो निघायचा तो मिटलेल्या डोळ्यांचा. मिटल्या डोळ्यांचा फोटो घरात लावणं अशुभ. म्हणून छापलेल्या कागदावर बन्सीधर कुंचल्यानं डोळे काढून द्यायचा. त्या कामाला सगळीकडं 'डोळे उघडणं' असंच म्हणत.

हे तो हैदराबादेत शिकला होता, एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली. दोन वर्षं त्यांनी त्याच्याकडून फक्त डोळेच काढून घेतले. मोठे, काळेभोर, बरोबर मध्ये बुबुळ, आणि बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. "मुर्दे की नजर सीधी रखना, बेटा. तिरछी नक्को," एवढंच ते सांगायचे. का, असं विचारलं की पान चघळत हसायचे. बन्सीधरनं आपल्यापुरता अर्थ लावून टाकला, की म्हाताऱ्याला एकच तऱ्हेचा डोळा काढता येतो आणि तेच तो नियम म्हणून खपवतो. पुढं अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, उस्तादांच्या दुकानाला कुलूप लागलं, ते कुठं गेले ते कोणालाच सांगता येईना. बन्सीधर गावी परतला आणि ज्या साली स्टेशनाबाहेरच्या उर्दू पाट्या उतरून मराठी पाट्या चढल्या, त्याच साली त्यानं आपलीही पाटी लावली.

एरंडेश्वरच्या झुंबरबाईचा सुग्रीव त्याच्यापुढल्या वर्षी गेला. आसाराम आणि झुंबरबाई या शेतकरी नवरा-बायकोचं ते एकुलतं एक पोर, वीस वर्षांचं. मुदतीचा ताप आला आणि अठराव्या दिवशी सगळं संपलं. बन्सीधरनं सुग्रीवला जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आपले शिकल्याप्रमाणे डोळे उघडले आणि तेराव्याच्या दिवशी फ्रेम घेऊन गेला.

झुंबरबाईनं पोरगा गेल्यापासून धड घास खाल्ला नव्हता. तिनं चुलीसमोरच्या भिंतीवर फोटो लावून घेतला. मग ती चुलीपाशी गेली आणि वळून पाहिलं. ज्वारीच्या कणगीपाशी गेली, तिथून पाहिलं. दारात जाऊन पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "मी जाईन तिकडं ह्यो माज्याकडंच बगायलाय की हो!"

सरळ समोर बघणारे डोळे असे सगळीकडून आपल्याकडंच बघतात, ही फोटोतली साधी गोष्ट. पण बन्सीधरनं ती सांगितली नाही, हे एक बरं केलं. त्या दिवशी झुंबरबाई हुंदके देत देत अर्धी भाकरी जेवली. पुढं तिचा नेमच झाला. पहिल्या भाकरीचा तुकडा फोटोपुढं ठेवायचा आणि दुपारी त्याच्यासमोर पाय पसरून, पदर खांद्यावर टाकून, उघड्या डोक्यानं केसांना तेल लावत बसायचं. बोलणं चालूच असायचं. म्हैस आटली, वेचणीला बाया मिळंनात, तुझ्या बापाचं गुडघं दुखायलंय. लोकांनी आधी हळहळ केली, मग थट्टा केली, मग त्यांना सवय झाली.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवली पाहिजे. ज्या काचेवर फोटो उतरायचा, ती काच बन्सीधर जपून ठेवत नसे. गरम पाण्यानं धुऊन स्वच्छ करायची आणि कोणाच्या तरी फ्रेमला वरून बसवायची, ही त्या काळची सगळ्याच फोटोवाल्यांची रीत. सुग्रीवची काच अशीच कोणाच्या तरी देवाच्या तसबिरीवर गेली. झुंबरबाईच्या भिंतीवर होता तेवढाच काय तो सुग्रीव.

त्याला दोन वर्षं होतात तोच बन्सीधरच्या घरी गोवर आला आणि चार वर्षांची कमल गेली. बाप फोटोवाला असून पोरीचा जिवंतपणी एक फोटो काढलेला नव्हता. आज काढू, उद्या काढू, यातच राहून गेलं. त्यानं स्वतःच्या हातानं तिला खुर्चीवर बसवलं, केसांची रिबन नीट केली आणि स्वतःच्या हातानं तिचे डोळे उघडले. त्याच्या बायकोनं, दैवशालानं, तो फोटो भिंतीवर लावला. त्याबद्दल दोघं एकमेकांशी एक अक्षरही बोलली नाहीत.

छप्पन साली आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. बन्सीधरचा हात बदलला तोही त्याच सुमाराला. झालं असं, की एका रेल्वे गँगमनच्या आईचा फोटो त्यानं काढला. म्हातारी जिवंत होती, धीट होती, आणि तिला घाई होती. रंगबिंग न लावताच फोटो द्यावा लागला. देण्याआधी तो बन्सीधरच्या टेबलावर रात्रभर पडला होता आणि त्याची नजर त्यावरून हलेना. सुरकुत्या होत्या तिथं सुरकुत्या होत्या, एक डोळा बारीक होता तो बारीक होता, आणि ती म्हातारी दुसरी-तिसरी कोणी नसून तीच होती.

तेव्हापासून तो फलाटावरच्या बाकड्यावर जाऊन बसायला लागला. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांचे डोळे बघायचे, एवढंच काम. त्याच्या ध्यानात आलं, की कोणाचेच दोन डोळे सारखे नसतात. वरची पापणी बुबुळाचा तुकडा झाकून टाकते. आणि जिवंत माणूस समोर टक लावून कधी बघत नाही. त्याचं लक्ष कुठंतरी असतं, सामानाकडं, सिग्नलकडं, मनातल्या कशाकडं तरी. वर्षभरात त्याचे नवे फोटो असे व्हायला लागले, की नांदेडकडची माणसं त्याचं नाव विचारत उतरायला लागली. हात खरोखरच तयार झाला होता, यात शंका नाही.

पण हात तयार झाला की जुनं काम डोळ्यांत खुपायला लागतं. तिकीटघरातले माणिकराव थट्टेखोर. एकदा चारचौघांत म्हणाले, "बन्सीधर, तुझ्या फोटोतले मेलेले सगळे एकाच आईच्या पोटचे दिसायलेत रे. ते बी एकदमच दचकलेले!" लोक हसले, बन्सीधरही हसला, आणि त्याच आठवड्यात सायकल काढून गावोगाव निघाला. भिंतीवरचा फोटो मागून आणायचा. ओल्या कापसानं जुने डोळे हलकेच पुसायचे. खालून मिटलेल्या पापण्या वर यायच्या, त्या बघून क्षणभर त्याचा कापूस थांबायचा. मग घरच्यांना विचारून, नातलगांच्या चेहऱ्यांवरून ताडून, नवे डोळे काढायचे. वरच्या कोणाचं तरी ऋण फेडावं तसं त्यानं दीड वर्ष हे फुकट केलं. कोणी खूश झालं, कोणी नुसतं 'बरं' म्हणालं. होता होता या लाईनीवरचे सगळे फोटो नवे झाले, दोन सोडून.

त्यातला एक त्याच्याच घरात होता.

"कमलचा काढून दे," तो दैवशालाला म्हणाला. "तिचे डोळे असे नव्हतेच. तुझ्यासारखे होते, कडेला जरा उतरते."

"कशी होती ते मला म्हाईत हाय," दैवशाला म्हणाली. "तिला हात लावायचा न्हाई."

"अगं, आता मला येतंय ते तवा येत नव्हतं."

"म्हनूनच न्हाई लावायचा."

तिनं फोटो उतरवून खणाच्या कापडात गुंडाळला, ट्रंकेत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. बाईमाणसाला कलेतलं काय कळतंय, असं पुटपुटत बन्सीधर बाहेर गेला. त्याला स्वतःच्या कलेतलं किती कळत होतं, ते पुढं आलंच.

दुसरा फोटो सुग्रीवचा. झुंबरबाईनं त्याला दोनदा परत पाठवलं. "त्येला काय धाड भरलीया? बरा हाय की," म्हणाली, आणि ताक पाजून वाटेला लावलं. तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा ती भाच्याच्या लग्नाला वालूरला गेली होती. घरी एकटा आसाराम.

"न्या की मास्तर," आसाराम म्हणाला. "ती यीस्तोवर करून आणा. पोरगं खरं दिसलं तर खूशच व्हईल." मग खांबाला टेकून त्यानं पोराचे डोळे सांगितले. आईसारखेच बारके, घारे. डावी पापणी जड. हाक मारली की मान न वळवता नुसते डोळे फिरवायचा आणि गालात हसायचा. नऊ वर्षांत आसारामला हे कोणी विचारलंच नव्हतं. सांगता सांगता तो स्वतःच तशी नजर फिरवून दाखवायला लागला.

बन्सीधरनं आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. एका केसाच्या कुंचल्यानं त्यानं ती जड पापणी काढली, घारं बुबुळ काढलं, आणि नजर किंचित बाजूला वळवली, कोणीतरी दारातून हाक मारली असावी तशी. त्याच्या सगळ्या हयातीतलं ते सगळ्यांत चांगलं काम. फ्रेम बघताच आसारामनं ती दोन्ही हातांनी धरली. "सुग्र्या!" म्हणाला आणि तोंडात उपरण्याचा बोळा धरून रडला. शेजारपाजार गोळा झाला. हुबेहूब, हुबेहूब, असं जो तो म्हणत होता. बन्सीधर भिंतीला टेकून उभा होता. इतकं समाधान त्याला पुन्हा कधी मिळायचं नव्हतं.

दिवस कलताना झुंबरबाई बैलगाडीतून उतरली. बोचकं खाली ठेवलं, पायावर पाणी घेतलं, आत आली आणि थबकली.

"ह्यो माजा सुग्रीवच हाय," ती म्हणाली. आसाराम बन्सीधरकडं बघून हसला.

मग ती चुलीपाशी गेली आणि वळली. कणगीपाशी गेली. खाली बसून पाहिलं, उभी राहून पाहिलं. परत मधोमध येऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"त्यो माज्याकडं बगत न्हाई, मास्तर."

आसाराम वळून फोटोकडं बघायला लागला.

"दाराकडं बगायलाय त्यो. जायच्या बेतात हाय." ती खाली बसली. "नऊ वर्सं घरात व्हता हो. तुमी न्हेला त्येला."

ती ओरडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. बन्सीधरला ते सोसलं असतं. त्यानं फ्रेम उतरवून घेतली, "मावशी, जसा व्हता तसा आणून देतो," असं सांगितलं, आणि हे सांगताना त्याला ते खरंच वाटत होतं. मोठे, काळे, सरळ डोळे. उस्तादांकडं असे हजारो काढले होते. त्यात काय अवघड?

आठवड्यानं नेले ते डोळे बघून झुंबरबाई म्हणाली, "ह्यो डोळं वटारायलाय." त्यानं पुसले, पुन्हा काढले. "बगतोय, पर भिताडाकडं बगावं तसा," म्हणाली. पुन्हा पुसले. हातानं दगा दिला होता. सरळ नजर काढायला बसावं तर कुंचला आपोआप पापणीखाली सावली टाकी, एक डोळा दुसऱ्याहून बारीक करी. जे विसरायला त्यानं तीन वर्षं घालवली, ते तो पक्कं विसरला होता. आणि पुसून पुसून कागदाचा डोळ्यांजागी लगदा व्हायला लागला. आता त्यावर रंगही धरेना.

जुने डोळे समोर ठेवून नक्कल करावी, तर सबंध लाईनीवर जुने डोळे शिल्लकच नव्हते. घरोघर हिंडून त्यानंच ते पुसले होते. एके दुपारी तो जेवायला बसला आणि ताटावरून तसाच उठला. दैवशालाला त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. झुंबरबाई काय म्हणाली तेही सांगितलं. तिनं कमरेची किल्ली काढली, ट्रंक उघडली, खणाचं कापड सोडलं आणि कमलला फडताळावर उभं केलं.

कमल त्याच्याकडं बघत होती. तो दारापाशी गेला, ती बघत होती. तो पाण्याच्या रांजणाकडं सरकला, तिथंही तिची नजर आली. रंगात काजळी किती घेतली होती, ठिपका कुठं दिला होता, सगळं त्याला पाठ होतं. ते डोळे त्यानंच काढले होते, आणि तिचे खरे डोळे तसे नव्हते हेही त्याला ठाऊक होतं. तरी तो रांजणापाशीच खाली बसला. घरातलं माणूस कुठंही असो, गेलेल्याची नजर त्याच्यावर पडली पाहिजे. उस्ताद हेच सांगत होते, आणि त्याला वाटलं होतं म्हाताऱ्याला दुसरं येत नाही. सात वर्षांत पहिल्यांदा तो पोरीसाठी बायकोसमोर मोठ्यानं रडला.

"आता कळलं?" दैवशाला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"दैवशाला, हिचे डोळे त्येला द्यावे लागतील. कॅमेऱ्यानं उतरून घेतो. हिला धक्का न्हाई लागणार."

तिनं कमलच्या फोटोकडं पाहिलं. "घ्या," म्हणाली. "दुसऱ्या माउलीच्या घरी लेकरू बगंल तर काय बिघडतंय. पर कुंचला हातात धरायचा न्हाई."

त्यानं कमलचा फोटो कॅमेऱ्यानं उतरवला, सुग्रीवच्या मापाचा छापला, पात्यानं दोन डोळे कापले आणि लगदा झालेल्या जागी खळीनं चिकटवले. कडा घासून घासून एकजीव केल्या. फ्रेम कापडात बांधून तो एरंडेश्वरला निघाला तेव्हा दैवशाला वेशीपर्यंत आली, पूर्वी कधी आली नव्हती.

आसारामनं फोटो खिळ्याला लावला. झुंबरबाई चुलीपाशी गेली आणि वळली. कणगीपाशी गेली. दारात गेली, उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून तिथून आत पाहिलं.

"बगायलाय," ती म्हणाली.

"म्या म्हनलं न्हवतं!" आसाराम ओरडलाच. "मास्तर, तुमचा हात कोन धरणार! बसा, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई." तो लगबगीनं शेजारी दूध मागायला गेला.

झुंबरबाई फोटोसमोर आपल्या जागेवर बसली, पाय पसरून, रोजच्यासारखी. पदर खांद्यावर होता; बन्सीधरपुढं तिनं तो कधी डोक्यावर घेतला नव्हता. तिनं सुग्रीवच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगा तिच्याकडं टक लावून बघत होता. ती काहीतरी बोलायला गेली, म्हशीचं की कापसाचं, ओठ हलले आणि राहिले. तिनं पुन्हा पाहिलं; दाराकडं बघणाऱ्या त्या घाऱ्या डोळ्यांच्या जागी आता मोठे काळे डोळे होते. दोघं एकमेकांकडं बघत राहिली, आणि बन्सीधरला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना.

मग झुंबरबाईनं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले आणि पदर डोक्यावरून पुढं घेतला, घरात परका पुरुष आला की घेतात तसा.